दूरच्या क्वेसारचं मोजमाप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जे०३१३−१८०६ नावाचा क्वेसार २०२१ च्या जानेवारीत जाहीर झाला, तेव्हा तो ज्ञात क्वेसारांमध्ये सर्वांत दूरचा होता. मोठ्यात मोठ्या दुर्बिणीलाही तो नुसता ठिपका दिसतो. तरी त्याचं वस्तुमान, त्याचं तेज, त्याची भूक, त्याच्यातून सुटणाऱ्या वाऱ्याचा वेग असे आकडे आपण बिनदिक्कत वाचतो. हे आकडे आले कुठून आणि त्यांतल्या कुठल्यावर किती भरवसा ठेवायचा, असे प्रश्न सारखे येतात. खालची बहुतेक उत्तरं या एकाच क्वेसारला धरून दिली आहेत. जिथे दुसऱ्याची मदत लागली तिथे ती घेतली आहे.

क्वेसार म्हणजे तारा की दीर्घिका?

दोन्ही नाही. एखाद्या दीर्घिकेच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं, त्यात भोवतालचा वायू पडत असतो, आणि पडता पडता तो इतका तापतो की सगळी दीर्घिका त्याच्या उजेडात हरवून जाते. त्या झगमगत्या केंद्राला क्वेसार म्हणतात. लांबून तो ताऱ्यासारखा ठिपका दिसतो, म्हणून सुरुवातीला 'ताराभासी रेडिओ स्रोत' अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. १९६४ मध्ये हाँग-यी चिऊ यांनी त्याचं 'क्वेसार' केलं. नावातला 'रेडिओ' मात्र फसवा आहे, कारण क्वेसारांपैकी साधारण दहा टक्केच रेडिओ लहरींत जोरकस असतात.

गाडीच्या नंबरासारखं नाव का ठेवतात?

कारण तो पत्ता आहे. ०३१३ म्हणजे विषुवांश ३ तास १३ मिनिटं आणि −१८०६ म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १८ अंश ६ कला. मृग नक्षत्राच्या पश्चिमेला पसरलेल्या एरिडॅनस तारकासमूहात ही जागा येते. लाखो क्वेसार नोंदले गेल्यावर प्रत्येकाला गोंडस नाव कोण देणार?

तो किती लांब आहे? कुठे १३ अब्ज प्रकाशवर्षं लिहिलेलं असतं, कुठे ३० अब्ज.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आज आपल्याकडे पोचलेला प्रकाश तिथून निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम ६७ कोटी वर्षं होतं. आज ते १३.८ अब्ज वर्षं आहे. म्हणजे प्रकाश १३ अब्ज वर्षांहून थोडा जास्त काळ वाटेत होता. '१३ अब्ज प्रकाशवर्षं' म्हणणारे खरं तर हा प्रवासाचा काळ सांगत असतात.

पण तो वाटेत असताना विश्व पसरत होतं. वाटसरू चालतोय आणि त्याने मागे टाकलेला रस्ताही लांबत चाललाय, असा तो प्रवास. आज या क्षणी दोरी ताणून मोजता आली असती, तर ती जागा आपल्यापासून २९ ते ३० अब्ज प्रकाशवर्षांवर निघाली असती. हा झाला दुसरा आकडा.

तिसरा आकडा फारसा कुणी छापत नाही आणि मला तोच सर्वांत मजेशीर वाटतो. प्रकाश निघाला त्या वेळी ती जागा आपल्या जागेपासून फक्त ३.४ अब्ज प्रकाशवर्षांवर होती. एवढं अंतर कापायला प्रकाशाला १३ अब्ज वर्षं लागली, कारण पुढचा रस्ताही पसरत होता.

बातमीत नुसतं 'अंतर' लिहिलेलं दिसलं की यांतलं कोणतं, हे आधी विचारावं. शास्त्रज्ञ आपापसांत बोलताना अंतराच्या भानगडीत पडतच नाहीत. ते ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाची लाट वाटेत किती ताणली गेली त्याचं माप, सांगतात आणि मोकळे होतात.

ताम्रसृती ७.६४२ म्हणजे काय?

विश्व पसरलं तशी प्रकाशाची लाटही ताणली गेली. ताम्रसृतीत एक मिळवला की लाट किती पट लांबली ते कळतं. इथे ८.६४२ पट.

प्रकाश लाटांच्या लांबीनुसार पसरवला की वर्णपट मिळतो, आणि त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरावीक जागी उमटतात. हायड्रोजनची एक ठळक रेषा, लायमन-आल्फा, मुळात १२१.६ नॅनोमीटरवर म्हणजे खोल अतिनीलमध्ये असते. १२१.६ ला ८.६४२ ने गुणा. सुमारे १,०५१ नॅनोमीटर येतात. माणसाचा डोळा ७०० च्या आसपास हार मानतो. म्हणजे जी रेषा अतिनील होती, ती आपल्यापर्यंत अवरक्त होऊन आली. मॅग्नेशियमची २८० नॅनोमीटरच्या जवळची रेषा अशीच २,४२० च्या आसपास सापडते. आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, कार्बनची १५८ मायक्रोमीटरची रेषा तर १.३७ मिलिमीटरपर्यंत ताणली जाते आणि ती पकडायला चिलीमधल्या आल्मासारख्या रेडिओ दुर्बिणी लागतात.

वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या रेषा एकाच पटीने सरकलेल्या सापडल्या की शंका उरत नाही. १९६३ च्या फेब्रुवारीत खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांना ३सी २७३ या क्वेसारच्या वर्णपटात हाच हिशोब सापडला. ओळख न पटणाऱ्या रेषा म्हणजे आपला ओळखीचा हायड्रोजनच होता, फक्त १६ टक्क्यांनी सरकलेला. आज ७.६ ची सवय झालेल्यांना ०.१५८ किरकोळ वाटेल, पण ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूसाठी तेव्हा तो आकडा अचाट होता.

मग शोधायचा कसा, जर डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात तो नाहीच?

तो 'नाही' हीच खूण. त्या लायमन-आल्फा रेषेच्या अलीकडचा, म्हणजे तिच्याहून आखूड लाटांचा, प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो. त्यामुळे निळ्या, हिरव्या, लाल गाळण्यांतून घेतलेल्या छायाचित्रांत जागा रिकामी दिसते आणि अवरक्त छायाचित्रात तिथेच ठिपका उगवतो. सर्वेक्षणांच्या साठ्यातून असे ठिपके चाळून काढायचे. त्रास असा की आपल्याच दीर्घिकेतले तपकिरी बटू, म्हणजे तारा होता होता राहिलेले थंड गोळे, जवळजवळ हीच लक्षणं दाखवतात. त्यांची संख्याही क्वेसारांपेक्षा कितीतरी जास्त. शेवटी प्रत्येक संशयिताचा वर्णपट मोठ्या दुर्बिणीने घ्यावाच लागतो.

ताम्रसृती अंतरामुळेच असते, हे कशावरून?

रास्त शंका आहे आणि ती मोठ्या माणसांनी घेतलेली आहे. हॅल्टन आर्प, जेफ्री बर्बिज, फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनी क्वेसारांच्या ताम्रसृतीचं वेगळं कारण असू शकतं, अशी बाजू अनेक वर्षं मांडली. पुढे पुरावा दुसऱ्या बाजूला साचत गेला. १९७९ मध्ये शेजारीशेजारी दोन क्वेसार सापडले, क्यू०९५७+५६१. दोघांतलं कोनीय अंतर सहा विकला आणि वर्णपट जुळ्यांसारखे. तो एकच क्वेसार होता. वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून त्याच्या दोन प्रतिमा केल्या होत्या. एका प्रतिमेत उजेड कमीजास्त झाला की सुमारे ४१७ दिवसांनी दुसरीत तीच नक्कल दिसते. भिंग बनलेली दीर्घिका अलीकडे आणि क्वेसार पलीकडे असल्याशिवाय हे घडत नाही. ताम्रसृतीही तेच सांगते. शिवाय जवळच्या क्वेसारांभोवती त्याच ताम्रसृतीच्या यजमान दीर्घिकाही सापडल्या.

तेज किती आहे?

सुमारे ३६ लाख कोटी सूर्यांएवढं. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांचं एकत्रित तेज घेतलं तरी हा हजार पटींहून जास्त भरतो.

कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडत नाही म्हणतात. मग हा उजेड कुणाचा?

आत पडू पाहणाऱ्या वायूचा. वायू सरळ पडत नाही, त्याला फिरकी असते. त्यामुळे विवराभोवती तबकडी तयार होते. तिच्यात आतले थर बाहेरच्यांपेक्षा वेगाने फिरतात, एकमेकांना घासतात, तापतात आणि हळूहळू आत सरकतात. क्षितिज, म्हणजे जिच्यापलीकडून प्रकाशही परत येत नाही ती सीमा, ओलांडण्याआधी वायूच्या वस्तुमानापैकी साधारण दहा टक्के ऊर्जेच्या रूपाने बाहेर फेकले जातात. सूर्य हायड्रोजन जाळतो तेव्हा ०.७ टक्केच हाती लागतात. गुरुत्वाकर्षणाच्या भट्टीपुढे अणुभट्टी फारच चिकट ठरते.

याच दहा टक्क्यांवरून भूक निघते. वरचं तेज टिकवायला या क्वेसारला वर्षाला सुमारे २५ सूर्यांएवढा वायू लागतो. पंधरा दिवसांना एक सूर्य. हे 'दहा टक्के' मात्र या क्वेसारसाठी मोजलेले नाहीत, गृहीत धरलेले आहेत. विवर स्वतःभोवती किती वेगाने फिरतं यावर ते सहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत बदलू शकतात.

कृष्णविवराचं वस्तुमान कसं मोजलं?

आकडा आहे १६० कोटी सूर्य. तराजू आहे ती मॅग्नेशियमची रेषा.

तबकडीच्या बाहेर वायूचे पुंजके विवराभोवती फिरत असतात. काही आपल्याकडे येतात, काही दूर जातात. येणाऱ्यांची रेषा थोडी निळ्याकडे सरकते, जाणाऱ्यांची तांबड्याकडे, आणि सगळ्यांची मिळून एक फुगीर, रुंद रेषा दिसते. रुंदीवरून वेग कळतो. हे वेग सेकंदाला हजारो किलोमीटर असतात.

वेग कळला, आता त्रिज्या हवी. पुंजके केंद्रापासून किती लांब फिरतात? एवढ्या दूरच्या ठिपक्यात ते दिसणं शक्य नाही. इथे जवळच्या क्वेसारांवर केलेली मेहनत कामी येते. त्यांच्यात केंद्राचा उजेड वाढला की काही दिवसांनी किंवा महिन्यांनी रेषाही उजळते. तो उशीर म्हणजे प्रकाशाला केंद्रापासून पुंजक्यांपर्यंत जायला लागलेला वेळ, म्हणजेच त्रिज्या. अशी बरीच मोजमापं जमल्यावर दिसलं की क्वेसार जितका तेजस्वी, तितके पुंजके लांब. हा नियम दूरच्या क्वेसारला लावायचा आणि तेजावरून त्रिज्या काढायची.

पुढचं गणित शाळेतलं. वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्व स्थिरांक. समजा पुंजके एक प्रकाशवर्षावर, सेकंदाला ४,००० किलोमीटर वेगाने फिरताहेत. उत्तर येतं सुमारे ११० कोटी सूर्य. यावर पुंजक्यांची मांडणी कशी आहे आणि आपण ती कुठल्या कोनातून पाहतोय यासाठी एक दुरुस्तीचा गुणक लावतात, आणि खरी मेख त्यातच आहे. तबकडी आपल्याकडे तोंड करून असेल तर वेग कमी दिसतो आणि वस्तुमान कमी निघतं. म्हणून '१६० कोटी' वाचताना मनात दोन-तीन पटींची ढील ठेवावी. मूळ शोधनिबंधात ± ४० कोटी लिहिलेलं असलं तरी ती मोजणीतली चूक आहे. पद्धतीतली चूक वेगळी आणि मोठी.

ही ढील किती खरी आहे, ते ३सी २७३ च्या बाबतीत दिसलं. त्याचं विवर ८९ कोटी सूर्यांच्या आसपास धरलं जायचं. २०१८ मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणी एकत्र जोडून ग्रॅव्हिटी या उपकरणाने पुंजक्यांचं फिरणं प्रत्यक्ष मोजलं. वस्तुमान सुमारे २६ कोटी आलं.

त्याचा आकार केवढा?

विवराची क्षितिज-त्रिज्या प्रत्येक सूर्यामागे सुमारे तीन किलोमीटर वाढते. १६० कोटी सूर्यांचे ४७० कोटी किलोमीटर होतात. सूर्याच्या जागी हे विवर ठेवलं तर नेपच्यूनही किंचित आतच जाईल. तबकडी याच्या कैकपट पसरलेली असते, तरीही तिच्या झगझगीत भागाचा पसारा आपल्या सूर्यमालेच्या हिशोबातच मोजावा लागतो. हजार आकाशगंगांचं तेज एवढ्याशा जागेतून येतं, हे पचायला जड आहे.

जाता जाता एक गंमत. एवढं वस्तुमान भागिले क्षितिजाच्या आतलं घनफळ असा साधा भागाकार केला, तर घनता घनमीटरला सात किलोच्या आसपास येते. पाण्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. विवर जेवढं मोठं तेवढं सरासरीने विरळ. 'चमचाभर कृष्णविवराचं वजन डोंगराएवढं' वगैरे वाक्यं इथे लागू पडत नाहीत.

आणि तापमान?

तबकडीच्या आतल्या भागात लाखभर अंशांच्या घरात. ताऱ्यांपासून बनलेल्या लहान विवरांच्या तबकड्या कोटभर अंशांपर्यंत जातात, म्हणजे मोठ्या विवराची तबकडी तुलनेने थंड. म्हणूनच क्वेसार मुख्यतः अतिनीलमध्ये चमकतात. तबकडीच्या लगत अब्जभर अंशांचा विरळ वायू असतो, क्ष-किरण त्याचे.

एवढ्या लवकर एवढं मोठं विवर तयार कसं झालं?

हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

विवर हवं तेवढं खाऊ शकत नाही. जास्त खाल्लं की उजेड वाढतो आणि उजेडाचा दाबच पुढचा वायू मागे ढकलतो. या मर्यादेला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. आपला क्वेसार तिच्या साधारण सत्तर टक्क्यांवर चालला आहे. अगदी मर्यादेवर, एक दिवसही उपास न करता जेवलं, तर विवर दुप्पट व्हायला सुमारे साडेतीन कोटी वर्षं लागतात.

आता मोजा. पहिल्या पिढीतला एखादा मोठा तारा कोसळून १०० सूर्यांचं विवर झालं असं धरलं, तर १६० कोटींपर्यंत जायला २४ वेळा दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे ८४ कोटी वर्षं. हातात होती ६७ कोटी, आणि त्यातूनही पहिले तारे जन्मायला गेलेला वेळ वजा करायचा. गणित बसत नाही.

सुरुवात १०,००० सूर्यांच्या बीजापासून केली तर १७ दुप्पटींत, ६० कोटी वर्षांत जेमतेम जमतं. असं बीज बहुधा ताऱ्याच्या टप्प्यात न रेंगाळता वायूचा अख्खा ढग थेट कोसळून झालं असावं, असा एक विचार आहे. दुसरा असा की काही काळ विवरं मर्यादा मोडून खात असतील. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण ६० कोटी वर्षं अखंड पंगत वाढली गेली हे मानणं मुळातच कठीण, त्यात वर अतिरेकही गृहीत धरायचा म्हणजे फारच झालं. पण निकाल लागलेला नाही.

ज्या दीर्घिकेत तो आहे ती दिसते का?

ताऱ्यांचा उजेड क्वेसारच्या झगमगाटात बुडतो. पण मिलिमीटर लहरींत क्वेसार फिका असतो आणि दीर्घिकेतली गार धूळ व वायू चमकतात. आल्माने त्या लहरींत पाहिलं तेव्हा वर्षाला सुमारे २०० सूर्यांएवढे नवे तारे तिथे तयार होत असल्याचा हिशोब निघाला. आकाशगंगेत हा दर वर्षाला एक-दोन सूर्य एवढाच आहे.

त्यातून वारा सुटतो म्हणजे काय?

वर्णपटात काही रेषा काळ्या खाचांसारख्या दिसतात, त्याही जिथे असायला हव्यात तिथून बऱ्याच निळ्याकडे सरकलेल्या. अर्थ असा की क्वेसारच्या पुढ्यातला वायू आपल्या दिशेने भिरकावला जातोय. वेग प्रकाशाच्या वीस टक्के, सेकंदाला ६०,००० किलोमीटर. हा वारा दीर्घिकेतला वायू बाहेर हाकलत राहिला तर पुढे ना तारे होतील, ना विवराला खायला मिळेल.

तिथे कोणती मूलद्रव्यं आहेत?

हायड्रोजन, हेलियम तर आहेतच, पण इतक्या दूरच्या क्वेसारांत कार्बन, मॅग्नेशियम, लोखंडही सापडतात. यांतलं एकही महास्फोटात बनलेलं नाही. म्हणजे त्या आधीच ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जळून, फुटून गेली होती. ३.९१ ताम्रसृतीच्या एपीएम ०८२७९+५२५५ या क्वेसारभोवती तर २०११ मध्ये पाण्याची वाफ सापडली, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या १४० लाख कोटी पट. एवढं पाणी असूनही ती वाफ आपल्या हवेच्या मानाने अतिशय विरळ आहे.

क्वेसार सोडून त्याच्या प्रकाशात आणखी काय वाचता येतं?

वाटेतलं विश्व. सुरुवातीला सगळा हायड्रोजन उदासीन, धुक्यासारखा होता. पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने तो हळूहळू आयनीभूत होऊन धुकं फिटलं. धुक्यातून आलेल्या क्वेसारच्या वर्णपटात लायमन-आल्फाच्या अलीकडे सपाट काळोख दिसायला हवा, असं भाकीत १९६५ मध्ये गन आणि पीटरसन यांनी केलं. तसा काळोख सापडायला २००१ उजाडलं, तोही ६.२८ ताम्रसृतीच्या क्वेसारमध्ये. ताम्रसृती ७ च्या पुढच्या मोजक्या क्वेसारांना एवढा भाव आहे तो यासाठी. त्यांच्यामागे उरलेलं धुकं अजून दिसतं.

त्याच्याकडे पाहताना काळही हळू चालतो, हे खरं?

खरं. लाट जितकी पट ताणली जाते, तितकाच घटनांमधला वेळही. तिथे एका वर्षात झालेली चढउतार पाहायला आपल्याला साडेआठ वर्षांहून जास्त थांबावं लागतं. १९० क्वेसारांच्या चढउतारांवरून हा परिणाम २०२३ मध्ये दाखवला गेला.

आज तो तिथे असेल का?

विवर असेलच, ते कुठे जाणार? पण क्वेसार म्हणून बहुधा विझला असेल. क्वेसारांचा बहराचा काळ सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी होता. त्यानंतर वायू संपत गेला. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं ४३ लाख सूर्यांचं विवरही आज जवळजवळ उपाशीच बसलं आहे.

मला दुर्बिणीतून दिसेल?

हा नाही. पण ३सी २७३ जरूर बघा. कन्या तारकासमूहात, दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू फिकी) सुमारे १२.९, आठ-दहा इंची दुर्बीण आणि काळोखं आकाश एवढं पुरतं. ३३ प्रकाशवर्षांवर असता तर जवळपास सूर्याएवढा तळपला असता. आहे सुमारे २.४ अब्ज प्रकाशवर्षांवर. तारकानकाशा जवळ ठेवा आणि शेजारचे तारे एकेक जुळवत जा, कारण तो हुबेहूब त्यांच्यासारखाच, एक फिका ठिपका दिसतो.